हजेरीतलं शेवटचं नाव

दर वर्षी जूनमध्ये धुळ्यात चौकाचौकांत फलक लागतात. वर शाळेचं नाव, एका बाजूला संस्थाचालकांचा हसरा फोटो, खाली टपालाच्या तिकिटाएवढे मुलांचे चेहरे आणि मधोमध लाल अक्षरांत: दहावीचा निकाल शंभर टक्के. मी स्कूटर कडेला घेऊन ते वाचत उभा राहतो. मागे बसलेली बायको म्हणते, "चला आता. तुमचा पेपर नाहीये तो."

पण तो माझाच पेपर असतो. असे आकडे कसे तयार होतात ते मला माहीत आहे, कारण मी ते तयार केलेले आहेत. आता पन्नाशी ओलांडल्यावर हे लिहून टाकतो आहे. कुणाची माफी मिळेल या आशेनं लिहीत नाही. ज्यांची मागायला हवी त्यातला एकच मला पुन्हा भेटला, आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी जळगावला नगरपालिकेच्या एका हायस्कुलात गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. मूळचा मी धुळ्याचा. वडील गिरणीत होते, घरात अहिराणी. बी.एड.ला असताना पाठ घेता घेता माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघून गेलं, आणि मागे बसलेल्या प्राध्यापकांनी ते मोठ्यानं म्हणून दाखवून वर्ग हसवला. त्या दिवसापासून मी ती भाषा घराच्या आत ठेवली. वर्गात एखादं पोर उठून म्हणालं, "सर, माले समजनं नही," तर मी म्हणायचो, "नीट बोल, मग समजावतो." त्याचं मला सगळं समजलेलं असायचं.

शाळेत दोन पाळ्या होत्या, सकाळची आणि दुपारची. ज्यांच्या घरी फी भरायची ऐपत होती ती मुलं खासगी संस्थांच्या शाळांत जायची. आमच्याकडे यायची ती डाळ मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायांची, केळीच्या गाड्या भरणाऱ्या हमालांची, चटईच्या कारखान्यात पाळी करणाऱ्यांची. काही घरं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेली, काही शिरपूरकडून. असोद्याहून सायकलवर येणारी शेतकऱ्यांची तीन-चार मुलं होती, ती आमच्याकडची श्रीमंत. मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणायचो. ते म्हणायचे, "साय बाकीच्या शाळा नेतात. आपल्याकडे पातेलं येतं, तेही करपलेलं." शिक्षकांच्या खोलीत सगळे हसायचे. मीही हसायचो.

माझं अक्षर चांगलं आणि मला तक्ते आखायचा नाद. पहिल्याच वर्षी मोठ्या सरांनी मला बोलावून जनरल रजिस्टर पुढ्यात टाकलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात ओळ असते: नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. "नववीत कोण मागे आहे आणि तो कुठून आलाय, याचा मला एका कागदावर हिशेब पाहिजे," ते म्हणाले.

मी तीन रविवार शाळेत बसलो. ड्रॉइंग पेपर, काळी शाई, लाल शाई. वस्ती, पालकाचा धंदा, घरची भाषा, कापूस वेचणीच्या दिवसांतली गैरहजेरी, चाचणीचे गुण. जसजशी घरं भरत गेली तसतसं चित्र उमटू लागलं, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. लाल खुणा सगळ्या एका कोपऱ्यात जमत होत्या: तीन वस्त्या, मजुरी, अहिराणी किंवा सातपुड्यातली पावरी बोली. एखादं अवघड उदाहरण सुटावं तसं वाटलं. ते माझ्याच घराचं वर्णन आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही असं म्हणणं सोपं आहे. ते लक्षात आलं होतं. मी त्यातून वर आलो, मग यांना काय झालं, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढची ओळ आखली.

मोठ्या सरांनी तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवला. "आता कळलं ना, कोणाला सतरा नंबर द्यायचा ते," ते म्हणाले.

सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावी देणाऱ्याचा फॉर्म. शाळा सुटलेल्या माणसाला खासगीरीत्या परीक्षा देता यावी म्हणून तो आहे, आणि चांगली सोय आहे ती. पण आमच्यासारख्या शाळांनी तिचा वेगळाच उपयोग शोधला होता. नववीत कच्च्या मुलाच्या पालकाला मे महिन्यात बोलवायचं. सांगायचं, मुलाला नववी पास करतो, पण दाखला काढून न्या आणि दहावी सतरा नंबर भरून द्या. मूल नापास झालं तरी ते शाळेच्या खात्यावर येत नाही. निकाल वर राहतो. सगळ्या शाळा कमीअधिक हेच करत होत्या, आणि सगळ्या शाळांना ते एकमेकींचं माहीत होतं.

"पालकांशी तुम्ही बोला," मोठे सर मला म्हणाले. "तुम्हाला त्यांची भाषा येते ना?"

ती मला येते हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. जी भाषा मी मुलांना वर्गात बोलू देत नव्हतो ती मी त्या मे महिन्यात त्यांच्या आईबापांशी बोललो. ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या. शिपायाला आम्ही नाना म्हणायचो, असोद्याचे, पन्नाशीचे. ते चहा आणायचे. साहेब आपल्या भाषेत बोलतोय म्हणून बाया मोकळ्या व्हायच्या, पुरुष उकिडवे बसायचे ते खुर्चीवर टेकायचे. "पोऱ्या घर बठीसन परीक्षा दी सकस," मी सांगायचो. "शाळामा येवानं काम नही. कामधंदा भी व्हस." त्यांना ते पटायचं. दाखल्याचा अर्ज मी आधीच लिहून ठेवलेला असायचा. खाली अंगठा. नाना शाईचा पॅड पुढे करायचे आणि नंतर बोट पुसायला जुन्या उत्तरपत्रिकेचं पान द्यायचे.

त्या वर्षी सात-आठ अंगठे मी घेतले. पुढच्या जूनमध्ये निकाल लागला तेव्हा नगरपालिकेनं सत्कार केला. शाल आणि नारळ. शाल मी धुळ्याला आईला दिली. "काय करं रे तू, शाल भेटनी ते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, निकाल चांगला लागला. तिनं ती शाल लग्नाकार्याला पांघरली, पोरगा मास्तर झाल्याचं सांगत.

त्या सात-आठ जणांतल्या एकानंही सतरा नंबर भरला नव्हता. घरी बसलेल्या मुलाला तो कुठे मिळतो, कधी भरतात, हेच ठाऊक नव्हतं. मीही सांगायला गेलो नव्हतो. त्यातला एक पुढे बऱ्याच वर्षांनी धुळ्याच्या बसस्टँडवर भेटला. हमाली करत होता. डोक्यावरचं पोतं खाली ठेवून त्यानं माझ्या पायांना हात लावला, माझ्या बायकोला सांगितलं, "हे माझे गणिताचे सर." चहा घेतल्याशिवाय सोडेना. पैसेही त्यानंच दिले. निघताना सहज म्हणाला, "सर, तेव्हा वर्गात बसलो असतो तर निघालो असतो का हो?" मी म्हटलं, "निघाला असतास." तो म्हणाला, "मग जाऊ द्या," आणि पोतं उचललं. त्या चहाची चव माझ्या तोंडातून अजून गेलेली नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मे आला, पुन्हा खुर्च्या टाकल्या. सहा अंगठे झाले. यादीतलं सातवं नाव एका मुलीचं होतं. माझ्याच नववीतली. गणितात मी तिला हात देऊन पस्तिसावर आणलं होतं, म्हणजे निकालपत्रकावर ती पास होती, माझ्या सहीनं. फक्त तिचं प्रगतिपुस्तक आम्ही राखून ठेवलं होतं. दाखल्याचा अर्ज द्या, पुस्तक घ्या, अशी ती देवाणघेवाण.

तिची आई डाळ मिलमधून थेट आली होती. केसांवर, भुवयांवर तुरीच्या टरफलांची बारीक पूड. शिरपूरच्या पलीकडच्या एका गावाहून हे घर आलं होतं. तिनं खुर्ची घेतली नाही, खांबाला टेकून उभी राहिली. मुलगी तिच्या मागे.

मी माझं पाठ झालेलं भाषण केलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोनता गावना शेतस तुम्ही?"

"धुळाना."

"आवाज आपला शे. म्हनीसन इचारस. घर बठीसन परीक्षा देवानी. मंग ती कोनती शाळानी व्हई?"

"कोणत्याच नाही," मी म्हटलं. मराठीत म्हटलं.

"आन कसाले? ती त पास शे ना?"

मी तिला काचेखालचा तक्ता आणून दाखवला. हे मी का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक वाटलं असेल, लाल खुणा पाहून गप्प बसेल. बोट ठेवून समजावलं: ही तुमची वस्ती, हे कापसाच्या दिवसांतले खाडे, ही घरची भाषा, हे गुण. अशी मुलं दहावीत निघत नाहीत.

तिनं तक्त्यावरून हात फिरवला, कापड पाहावं तसा. "माले वाचता येस नही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. सातवीले वरीसभर ह्यासले गणितना मास्तर नही व्हता. हाई लिखेल शे का ह्या कागदमा?"

मी म्हटलं, नाही.

"पोर रोज यीसन सांगे. आज बी तास मोकळा, आज बी मोकळा. ते कोठे लिखेल शे?"

नाना शाईचा पॅड घेऊन उभे होते. त्यांनी तो मागे घेतला.

"नापास व्हई ते आठेच, ह्या शाळामाच व्हई," ती म्हणाली. "तुमनाच नाववर व्हई. घर बठीसन कसाले नापास व्हवानं? अंगठा मना शे. माले वाटी तवय देसु." आणि मुलीचा हात धरून ती निघून गेली. प्रगतिपुस्तक आमच्याकडेच राहिलं.

मोठे सर म्हणाले, "शाळा उघडली की येईल आपोआप. दाखला तर लागेलच तिला."

शाळा उघडली आणि मुलगी आली. दहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसली. दहावीचा वर्गशिक्षक मीच होतो. मी हजेरी घ्यायला कॅटलॉग उघडला, त्यात तिचं नाव नव्हतं. क्रमांक संपले. मी कॅटलॉग मिटणार तेवढ्यात ती उभी राहिली. "हजर सर."

वर्ग खदखदला. मागून एक पोरगा ओरडला, "बिनतिकिटाची आली रे!"

ती मागे वळली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "तिकीट केव्हाचं मागतेय. कंडक्टरच देत नाही."

वर्ग आणखी हसला, पण या वेळी माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. क्रमांक संपले की "हजर सर". मी मान खाली घालून कॅटलॉग मिटायचो. मोठे सर म्हणाले, तिला बाहेर काढा. मी तिला व्हरांड्यात उभं केलं, तर ती खिडकीच्या गजातून वहीत उतरवून घेऊ लागली. दुपारी आई यायची, मिलच्या जेवणाच्या सुट्टीत, भाकरी घेऊन. दोघी पायरीवर बसून खायच्या. नाना मला म्हणाले, "सर, ती बाई जाऊन नाही राह्यली. आन मी तिला हाकलणार नाही, आधीच सांगतो." आठवड्यानं मी मुलीला परत आत घेतलं. मोठ्या सरांना सांगितलं नाही. त्या दिवशी हजेरी संपल्यावर तिच्याआधी दोन-तीन मुलांनीच ओरडून सांगितलं, "बिनतिकीट हजर सर!" आणि त्या ओरडण्यात आता टिंगल उरली नव्हती.

रात्री झोप लागत नव्हती वगैरे मी लिहिणार नाही. झोप लागत होती. पण त्या बाईचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो गणिताचा प्रश्न होता. मी तक्त्यात एक राशी सोडली होती.

एका दुपारी मी नानांकडून रेकॉर्डच्या कपाटाची किल्ली घेतली. जुनी वेळापत्रकं, जुने कॅटलॉग, लॉगबुकं काढली. ती बाई खरं बोलत होती. त्या मुलांच्या सातवीच्या वर्षी दुपारच्या पाळीत गणिताची जागा रिकामी होती. बदली तासाला पी.टी.चे सर यायचे, तेही नसले की तास मोकळा. पण हे फक्त 'ब' तुकडीत. 'अ' तुकडी सकाळची, तिला जुने अनुभवी शिक्षक होते. मग मी माझ्या यादीतली नावं शोधली. दोन्ही वर्षांची. जवळजवळ सगळी 'ब' तुकडीतली.

आणि 'ब' तुकडीत कोण जात होतं? त्याचं उत्तर जनरल रजिस्टरमध्येच होतं, प्रवेशाच्या तारखेच्या रकान्यात. तो मी पाहिला होता आणि बिनकामाचा म्हणून तक्त्यात घेतला नव्हता. आमच्याकडे येतील तसे प्रवेश द्यायचे. 'अ' भरली की 'ब'. जूनच्या पहिल्या आठवड्यात शहरातलेच पालक यायचे. मजुरीची घरं पेरणीला गावी गेलेली असायची. ती पेरणी आटोपून जूनअखेरीला परत यायची आणि मग मुलांना शाळेत घालायची. तोवर 'अ' भरलेली. दरवर्षी. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान कुणाला लाज तरी वाटली असती.

म्हणजे माझ्या तक्त्यात भाषा, वस्ती, धंदा या सगळ्या लाल खुणा दिसत होत्या, त्या खुणांच्या खाली रिकामा तास होता. पोरं अडत होती अपूर्णांकावर, कारण अपूर्णांक त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. आणि मी त्यांच्या आईच्या बोलीला लाल शाई लावली होती. माझ्या आईच्या बोलीला.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. क्रमांक संपले. ती उभी राहिली. "हजर सर." मी पेनाचं टोपण काढलं आणि शेवटच्या नावाखाली तिचं पूर्ण नाव लिहिलं. क्रमांक दिला. शाळा उघडल्यापासूनच्या सगळ्या दिवसांच्या चौकटी भरल्या, हजर, हजर, हजर. व्हरांड्यात उभ्या असलेल्या दिवसांच्याही. मागचाच तो पोरगा हळूच म्हणाला, "फाडलं रे तिकीट."

मोठ्या सरांनी तासाभरात बोलावलं. कॅटलॉग त्यांच्या टेबलावर उघडा होता.

"हे काय आहे?"

"दहावीची हजेरी सर."

"खोडा ते."

"खोडतो. खाडाखोडीपुढे तुमची सही लागेल."

आमच्याकडचा नियमच होता तसा. कॅटलॉगमध्ये एक आडवी रेघ मारली तरी समोर मुख्याध्यापकांनी पूर्ण सही करायची, तारीख टाकायची. तपासणीला आलेले अधिकारी पहिलं तेच बघत. आजवर सगळे अंगठे पालकांचे होते. अर्ज पालकांचा, इच्छा पालकांची. शाळेची सही कुठेच नव्हती. हे पहिलंच ठिकाण होतं जिथे पास झालेल्या मुलीचं नाव खोडून त्यापुढे त्यांना स्वतःचं नाव लिहावं लागणार होतं.

त्यांनी पेन उचललं. टोपण काढलं. मी कपाटातून काढलेलं जुनं वेळापत्रक शेजारी ठेवलं, आणि प्रवेशाच्या तारखांचा कागद. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

ते वाईट माणूस नव्हते, हे मी लिहिलंच पाहिजे. त्यांना भीती होती आणि ती खरी होती. "निकाल पडला की पुढच्या वर्षी प्रवेश पडतात," ते म्हणाले. "प्रवेश पडले की तुकडी तुटते. तुकडी तुटली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली कोण आहे, मास्तर?"

"मी."

"मग?"

"मग मी सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. कॅटलॉग माझ्याकडे ढकलला. "न्या. मी हे पाहिलेलं नाही." तेवढंच. सही झाली नाही, आणि नाव राहिलं.

बातमी वस्तीत पोचायला संध्याकाळ लागली नाही. पुढच्या आठवड्यात अंगठा दिलेल्या सहांपैकी दोघांचे पालक दाखले परत घेऊन आले. मी त्यांचीही नावं लिहिली. उरलेल्या चौघांच्या घरी मी गेलो. एक कुटुंब सुरतेकडे निघून गेलं होतं. एका मुलीचं लग्न ठरलं होतं. एकाच्या बापानं दारातूनच सांगितलं, "तुम्हीच म्हणालात ना घरी बसव, आता पुन्हा काय?" चौथ्याचं घर सापडलंच नाही. ती चार नावं माझ्या हिशेबात तशीच आहेत. कॅटलॉगमध्ये तीन नावं लिहिली म्हणून ती चार, आणि आधीची सात-आठ, फिटत नाहीत.

त्या वर्षी सकाळी शाळा भरायच्या आधी मी सातवीचं पुस्तक उघडायचो. दहावीच्या मुलांना अपूर्णांक. अहिराणीतून. "आरधं नि पाव मियीसन कितलं?" असं मी फळ्यापुढे पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो तेव्हा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नुसता हशा. "सर, नीट बोला, मग समजतं," ती मुलगी म्हणाली. माझंच वाक्य. मी ते घेतलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल आला आणि आधीच्या वर्षीपेक्षा खाली आला. दाखले परत आणलेल्या दोघांतला एक निघाला, एक नाही. मुलगी गणितात पास झाली. इंग्रजीत गेली. थोडक्यात गेली, पण गेली.

फाटकापाशी एक काळा फळा होता. दरवर्षी ड्रॉइंगचे सर त्यावर ऑइलपेंटनं निकाल रंगवायचे, वर्षभर राहायचा. त्या वर्षी मोठे सर म्हणाले, फळा राहू द्या कोरा. मी ड्रॉइंगच्या सरांकडून ब्रश मागून घेतला आणि आकडा मीच रंगवला. पडलेला, खरा आकडा, जेवढा आला तेवढा. माझ्या हातानं लिहिलेला तो पहिला खरा निकाल होता. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. एक ओळखीचे शिक्षक, दुसऱ्या संस्थेतले, म्हणाले, "अहो, लाज वाटत नाही का, एवढा मोठा रंगवलात?" मी म्हटलं, "तुमच्या सतरा नंबरवाल्यांसकट तुमचा सांगा, मग बोलू." ते सायकल घेऊन निघून गेले.

तुकडी त्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी तुटली. अतिरिक्त मीच ठरलो. मध्ये काही महिने पगाराविना गेले, मग धुळ्यात दुसऱ्या शाळेत लागलो. तिथेही तक्ता मागितला. मी दिला, दरवर्षी दिला, आणि त्यात दरवर्षी एक रकाना जास्त आखला: शिक्षक नसलेले तास. तो रकाना दरवर्षी कुणीतरी कापायचं. पुढच्या वर्षी मी तो पुन्हा आखायचो. चिकटपणा म्हणा. मला दुसरं काही म्हणायचं नाही.

पण सांगता सांगता मी पुढे गेलो. त्याआधीची एक दुपार राहिली.

ती मुलगी ऑक्टोबरला इंग्रजीला बसली. शाळेतूनच बसली, शाळेच्या नावावर. निकाल आला तेव्हा गुणपत्रिका वाटायला मी ऑफिसच्या खिडकीत बसलो होतो. ती आली, मागे आई, भुवयांवर तीच तुरीची पूड. पास. मी वाटपाचं रजिस्टर पुढे केलं. मुलीनं सही केली, सावकाश, वेलांटी उकार जपत. मी रजिस्टर मिटायला घेतलं, तर आईनं खिडकीतून हात आत घालून ते दाबून धरलं.

"अंगठा ल्या," ती म्हणाली.

"अक्का, तिची सही झाली. अंगठ्याची गरज नाही."

"गरज माले शे. तुम्हीच मांगी ऱ्हायंतात ना तवय? आज देस."

नाना कोपऱ्यातून शाईचा पॅड घेऊन आले. तिनं अंगठा शाईत दाबला आणि मुलीच्या सहीशेजारी, जिथे काही रकाना नव्हता तिथे, घट्ट उमटवला. नानांनी पुसायला कागद दिला. तिनं घेतला नाही. निळ्या अंगठ्यानंच गुणपत्रिका धरून ती फाटकातून बाहेर पडली, त्या पडलेल्या आकड्याच्या फळ्याशेजारून, मान वर करून.